चौथ्या बाकावरून दिसणारे डोळे : एका कपेलातल्या संतचित्राचं प्रकरण

गोव्यात बार्देशातल्या एका वाड्यावरच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) संत जुझे वाझ यांचं फळीवर रंगवलेलं चित्र १६ जानेवारीच्या फेस्ताला (त्यांच्या सणाला) आल्तारामागच्या, म्हणजे वेदीमागच्या भिंतीवर चढलं आणि ऑगस्टच्या शेवटी उतरवावं लागलं. फळीचा मधला भाग पुढं फुगला होता. लाकडाच्या रेषांना धरून केसासारख्या उभ्या भेगा गेल्या होत्या आणि छातीच्या उंचीवर पांढऱ्या अस्तरासकट रंगाचे पोपडे सुटत होते. डोक्यामागच्या वलयाचा वर्ख काळपट हिरवा पडला होता, पृष्ठभाग बोटाला चिकटत होता, कडांना बुरशीचे करडे ठिपके होते. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत मधला जोडही उघडला. त्या जागी नवं चित्र लागून आता दोन पावसाळे झाले. पहिलं का गेलं आणि दुसरं कसं उभं राहिलं, त्याची ही नोंद.

जागा

कपेल चिऱ्याचं आहे. आल्ताराची भिंत नैर्ऋत्येला, म्हणजे मृगापासून पावसाचा मारा थेट तिच्यावर. गोव्याच्या किनारपट्टीला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. चिरा पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट होता, त्यामुळे ओल अडकून पेंटखाली खार फुटला होता. पहिली फळी त्याच भिंतीला सपाट टेकवून, लोखंडी खिळ्यांवर टांगलेली होती.

दुसरी गोष्ट अंतराची. पहिल्या तीन बाकांवर मुलं बसतात, मोठी माणसं चौथ्यापासून मागं. चौथ्या बाकापासून भिंत साडेसहा मीटर. पहिल्या चित्रात संत पूर्णाकृती उभे होते, नाकाची लांबी २४ मिलिमीटर. कार्यशाळेतल्या टेबलावर चेहरा सुंदर दिसत होता. कपेलात एका वयस्क बाईंनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, 'सांताचे दोळे दिसनात.' फळी फुटली नसती तरी या एका वाक्यावर चित्र परत करायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याचं कारण श्रद्धेच्या गाभ्यातलं आहे. चर्चच्या ७८७ सालच्या निकायाच्या दुसऱ्या परिषदेनं ठरवलं की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत दाखवलेल्या व्यक्तीकडे जातो. म्हणून अशा चित्रात दोन गोष्टी सुटून चालत नाहीत : ते कोणाचं आहे हे नावानिशी कळलं पाहिजे, आणि त्यानं गुडघे टेकलेल्या माणसाकडे पाहिलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

फळी का फुटली

पहिली फळी १२० बाय ७५ सेंटिमीटर, सागवानाच्या दोन रुंद फळ्या जोडून केलेली. दोन्ही अशा चिरलेल्या की वाढीची वर्तुळं फळीच्या रुंदीला जवळजवळ समांतर जात होती. अशा चिराईचं सागवान आर्द्रता १ टक्का बदलली की रुंदीत सुमारे ०.१९ टक्का हलतं. वर्तुळं जाडीच्या दिशेनं उभी येतील असं चिरलं तर हाच आकडा ०.१० टक्क्यावर येतो. पत्र्याच्या छपराखालच्या कार्यशाळेत जानेवारीत लाकडातली आर्द्रता ११ टक्के होती, ऑगस्टमध्ये कपेलात १६. पाच टक्क्यांचा फरक, ७५ सेंटिमीटर रुंदी : फळीला ७ मिलिमीटर वाढायचं होतं. पण पाठीमागं तीन आडपट्ट्या सरसानं चिकटवून वर स्क्रू मारले होते. आडपट्टीच्या रेषा आडव्या, त्यामुळे ती त्या दिशेला लांबत नाही. पाठ धरून ठेवलेली आणि पोट वाढतंय, म्हणजे फळी पुढं फुगणारच. अस्तर ताणलं आणि भेगलं. दबून राहिलेले लाकडाचे तंतू कोरड्या हवेत मूळ मापापेक्षाही आखडले आणि सर्वांत कमजोर जागा, म्हणजे जोड, उघडला.

पोपड्यांचं कारण वेगळं होतं आणि ते जास्त शिकवून जातं. अस्तर म्हणजे जेसो : सरसाचं पाणी आणि खडूची बारीक भुकटी. नियम असा की वरचा थर खालच्यापेक्षा कधीही ताकदवान नसावा. पण भांडं दिवसभर उघडं गरम ठेवलं की पाणी उडतं आणि संध्याकाळचा सरस सकाळपेक्षा घट्ट होतो. दहावा हात पहिल्यापेक्षा कडक बसला, आखडला आणि खालच्या थराला सोलून घेऊन आला. शिवाय सागवानात तेल असतं. ते पुसलेलं नव्हतं आणि लाकडावर कापडही नव्हतं.

वर्ख पितळी होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळी वर्ख वार्निशखालीही टिकत नाही. सुईच्या टोकाएवढं भोक पुरतं. आणि रंग पुरता बसण्याआधी, महिन्याभरात, उकळलेल्या जवसाच्या तेलाचा जाड हात दिला होता. थंड, कोरड्या देशांत ही रीत चालते. इथं ते तेल पावसाळाभर चिकट राहिलं आणि मेणबत्त्यांची काजळी पीत गेलं.

नव्यानं काय दाखवायचं

संत जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ ला बाणावलीत झाला. १६८६ मध्ये ते गोव्यातून पायी निघाले, १६८७ मध्ये श्रीलंकेत पोचले. डच सत्तेखाली कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती, म्हणून भिकाऱ्याच्या वेशात, गळ्यात रोझरी (जपमाळ) घालून ते घरोघर फिरले. रोझरी पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते त्यावरून त्यांनी माणसं शोधली. १६ जानेवारी १७११ ला कँडीत त्यांचं निधन झालं. २१ जानेवारी १९९५ ला कोलंबोत त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं आणि १४ जानेवारी २०१५ ला तिथंच संत. जुनी छापील चित्रं नमुन्याला घेताना हे शेवटचे दोन दिवस लक्षात ठेवावेत : पूर्ण वलय परंपरेनं संत घोषित झालेल्यालाच देतात, धन्य व्यक्तीला किरणं.

पेच इथं होता. तरुण मंडळींना अनवाणी, पंचा नेसलेला, गळ्यात रोझरी घातलेला फिरस्ता हवा होता. जुन्या मंडळींना काळ्या झग्यातला पाद्री. दोन्ही खरे. पण अनवाणी पाय दाखवायचे तर पूर्णाकृती हवी, आणि पूर्णाकृती म्हणजे पुन्हा डोळे हरवणार.

वेशाचा वाद गोव्याला नवा नाही. गोव्यातल्या सांतु इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी साडीतली मरिया रंगवली, त्यांच्या काळात गोव्यात त्यावर रोष ओढवून घेतला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलं. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्यांची चित्रं पाहायला मिळतात. अशा कामाला हात घालण्याआधी ती जवळून पाहावीत. वेश बदलला तरी त्यांची मरिया नाटकातलं पात्र वाटत नाही, कारण मान, हात आणि नजर यांची शिस्त त्यांनी सोडलेली नाही.

तोडगा निघाला तो अंतराच्या हिशेबातून. वरचा १०० सेंटिमीटरचा भाग कमरेपर्यंतच्या आकृतीला : काळा झगा, हातात क्रूस, गळ्यात रोझरी. खाली २० सेंटिमीटरचा आडवा पट्टा, त्यात रात्रीची वाट आणि गाठोडं घेऊन अनवाणी चालणारा तोच माणूस. चौथ्या बाकावरून नजर दिसते. मेणबत्ती लावायला जवळ येणाऱ्याला पाय दिसतात. फाब्रिकच्या (चर्चच्या कारभारी समितीच्या) बैठकीत हे शब्दांत पटलं नाही. मग कागदावर कोळशानं पूर्ण मापाचं रेखाटन करून ते दोन रविवार त्याच भिंतीवर टांगलं आणि दुसऱ्या रविवारी प्रश्न मिटला. रेखाटन टांगण्याची ही पायरी कोणीही गाळू नये. खर्च चार ताव कागदाचा असतो.

रेखाटन विगारांमार्फत (मुख्य पाद्रींमार्फत) धर्मप्रांताकडेही दाखवून घेतलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं १५६३ मध्येच नेहमीपेक्षा वेगळ्या प्रतिमेला बिशपची संमती आवश्यक केली होती, आणि आजची चर्चसंहिता कलम ११८८ मध्ये प्रतिमा माफक संख्येत आणि योग्य क्रमानं असाव्यात असं सांगते. या कपेलात आल्तारावर सायबिणीची (मरियेची) मूर्ती आधीच होती. म्हणून चित्र मधोमध न लावता डावीकडे सरकवलं.

एक पर्याय रंगवलेल्या फरशांचाही आला होता. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतलं जॉर्ज कोलासो यांचं १९३५ चं निळ्या-पांढऱ्या फरशांचं काम पाहिलं की त्या माध्यमाचा टिकाऊपणा कळतो. पावसात उभ्या खुरसासाठी (क्रुसासाठी) ते उत्तम. आतल्या मंद उजेडात मात्र झिलई चकाकते आणि चेहरा हरवतो.

फळी आणि अस्तर

नव्या फळीसाठी जुन्या घराच्या तुळईचं सागवान घेतलं आणि साडेबारा सेंटिमीटर रुंदीच्या सहा पट्ट्या वर्तुळं उभी येतील अशा चिरून घेतल्या. जाडी ३६ मिलिमीटर. पट्ट्या पुढच्या वर्षीच्या जुलैपासून कपेलातच, भिंतीपासून दूर, मध्ये चिपा घालून रचून ठेवल्या. ऑक्टोबरच्या मध्याला त्या १४ टक्क्यांवर आल्या आणि तेव्हाच जोडल्या. फळी कोरडी करून बांधण्यापेक्षा वर्षाच्या मधल्या आर्द्रतेवर बांधावी, म्हणजे ती उन्हाळ्यात थोडी आखडते, पावसात थोडी फुगते आणि ताण एकाच बाजूला साचत नाही. चिकटवण्याआधी प्रत्येक कड ॲसिटोननं पुसून पंधरा मिनिटांच्या आत जोडली. उशीर केला तर तेल पुन्हा वर येतं. डिंक पाण्याला टिकणारा, कारण साधा सरस आषाढात मऊ पडतो.

पाठीमागं दोनच आडपट्ट्या, पण चिकटवलेल्या नाहीत. आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच पाडून त्यांत पट्टी बाजूनं सरकवली. फळी वाकत नाही आणि रुंदीत मोकळी हलते. हे काम चारी, म्हणजे पारंपरिक सुतार मंडळींच्या हातचं. गोव्यातल्या चर्चच्या १५६७ च्या धर्मसभेनं ख्रिस्तींनी देवळातल्या प्रतिमा बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत असा ठराव केला होता, तरीही गोव्याच्या आल्तारांवर हिंदू कारागिरांचा हात शतकानुशतकं राहिला. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात रंगवलेल्या लाकडी मूर्तींच्या पाठी आणि तुटलेल्या कडा पाहाव्यात. अस्तर किती पातळ होतं आणि लाकडाला कसं धरून राहिलं, ते तिथं उघडं दिसतं.

समोरची बाजू करवतीच्या पात्यानं तिरपी खरवडली, ॲसिटोननं पुसली आणि १० टक्के सरसाचे दोन हात दिले. त्यावर धुऊन खळ काढलेलं मांजरपाट सरसात भिजवून बसवलं. चारी कडांना कापड दोन सेंटिमीटर आत थांबवलं, नाहीतर कडेनं ओल आत चढते.

जेसोसाठी १ लिटर पाण्याला ७० ग्रॅम सरस. रात्रभर भिजवून गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा, ५५ ते ६० अंशांवर. उकळला की त्याची पकड जाते. हार्डवेअरच्या दुकानातला सरस प्रत्येक पुडीगणिक वेगळा निघतो, म्हणून ताकद तपासावी लागते. पुस्तकांत लिहिलेलं असतं की थंड झाल्यावर जेली व्हायला हवी. गोव्यात खोलीच्या तापमानाला ती होतच नाही आणि नवशिके घाबरून सरस वाढवतात. वाटीभर सरसाचं पाणी फ्रिजमध्ये ठेवून पाहावं : बोटानं दाबल्यावर जेली खडबडीत फाटली तर बरोबर, रबरासारखी ताणली तर जास्त. भुकटी सव्वा ते दीड किलो, चाळणीतून हळूहळू सोडायची. ढवळायचं नाही, स्वतः बुडू द्यायची, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. लवंगतेलाचे सहा-सात थेंब बुरशीसाठी.

पहिल्या चुकीवरचा उपाय अगदी साधा निघाला. झाकणासकट भांडं वजनकाट्यावर ठेवून वजन लिहायचं. दर हातानंतर पुन्हा तोलायचं, वापरलेला जेसो वजा करून जेवढं कमी भरेल तेवढं कोमट पाणी घालायचं. दहा हात दोन दिवसांत, एक आडवा एक उभा. सुकलेला थर एक मिलिमीटरच्या आसपास. आठवडाभर थांबून घासकागदानं सफाई.

सोनं आणि रंग

कमरेपर्यंतच्या आकृतीमुळे नाकाची लांबी ५० मिलिमीटर करता आली. आयकॉनच्या जुन्या रचनेत नाक हेच माप : भुवयांच्या मध्यापासून एका नाकाच्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे चेहऱ्याचा गाभा, दोन नाकांचं वर्तुळ म्हणजे डोकं, तीन नाकांचं म्हणजे वलय. वलयाचा व्यास ३० सेंटिमीटर आला. डोक्याचा भाग वगळला तर सुमारे ३९० चौरस सेंटिमीटर सोनं; ८ सेंटिमीटरचा चौकोनी वर्ख धरला तर सहा-सात, आणि एकावर एक येणारी कड व नासधूस धरून दहा. बोल मातीचे (सोन्याखाली देतात त्या बारीक चिकणमातीचे) चार हात देऊन, पाण्यानं ओलं करून अस्सल सोन्याचा वर्ख बसवला आणि अकिकानं घोटला. घोटण्याची वेळ साधणं हे दमट हवेतलं सगळ्यात अवघड काम. लवकर घोटलं तर सोनं फाटतं, उशीर झाला तर चमक येत नाही. बोटाच्या नखानं टकटक केल्यावर ठोस, कोरडा आवाज आला की सुरू करायचं. डिसेंबरात उत्तरेचे कोरडे वारे असताना इथं साधारण तीन तास मिळाले.

पार्श्वभूमीला सोनं नाही, पिवळी माती. लहान कपेलात संपूर्ण सोनेरी फळी दिव्याचा झोत परत फेकते आणि चेहरा काळवंडतो. चौकटीला काव. कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर हाच चिऱ्याचा तांबडा रंग पिढ्यानपिढ्या लोकांनी पाहिला आहे, तो परका वाटत नाही.

रंग अंड्याच्या बलकातले. बलक तळहातावर फिरवून कोरडा करायचा, चिमटीत धरून पापुद्रा फोडायचा, आतला द्रव तेवढ्याच पाण्यात मिसळायचा. टिकण्यासाठी व्हिनेगरचे थेंब घालतात, पण अल्ट्रामरीनमध्ये ते घालू नये. आम्लानं तो निळा करडा पडतो. बलक रोज ताजा.

काळा झगा हा दुसरा सापळा. शुद्ध काळा सहा मीटरवरून भिंतीतलं भोक वाटतो. हाडकोळशात अल्ट्रामरीन आणि थोडी तपकिरी माती घालून पाया धरला आणि घड्या करड्या निळ्यानं तीन टप्प्यांत उजळल्या. चेहऱ्याचा पाया हिरव्या मातीत पिवळी माती मिसळून, वर पिवळी माती आणि गेरूचे पातळ हात. पांढरा फक्त शेवटच्या चार-पाच रेषांत. आधीच पांढरा मिसळला की बाणावलीचा माणूस युरोपियन दिसू लागतो. बाजारातल्या पुष्कळ चित्रांत हेच झालेलं आहे. डोळ्याची वरची पापणी नैसर्गिकपेक्षा दीडपट जाड ठेवली. जवळून ती थोडी जड वाटते, चौथ्या बाकावरून बरोबर बसते.

नाव दोनदा लिहिलं : डावीकडे रोमी लिपीत, कारण वाड्यावरची कॅथलिक मंडळी प्रार्थना रोमीतून वाचतात, आणि उजवीकडे देवनागरीत, कारण फेस्ताला शेजारची हिंदू घरंही येतात. अक्षरांची उंची ३ सेंटिमीटर.

भिंतीवर आणि पावसात

त्या भागातला प्लास्टिक पेंट खरवडून चुन्याचा हात दिला. फळी भिंतीपासून ४० मिलिमीटर पुढं, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या तिरक्या पट्ट्यांवर. वजन सुमारे २४ किलो. पाठीला शेलॅकचे (लाखेच्या रोगणाचे) दोन हात, ओल आत शिरण्याचा वेग कमी व्हावा म्हणून. ट्यूबलाइट काढून ३००० केल्विनचा एक दिवा वरून तिरपा, चित्रावर १५० लक्स पडतील असा. फुलांसाठी ३५ सेंटिमीटर पुढं वेगळी फळी, मेणबत्त्या बाजूला ९० सेंटिमीटरवर.

फेस्ताला चित्र वार्निशाविना लागलं. रंग बसायला चार महिने देऊन मे महिन्यात पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक वार्निशाचा एक पातळ हात आणि त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. हा हात पुढं कधीही काढता येतो, तेलाचा काढता येत नाही.

पहिल्या ऑगस्टमध्ये फळी १६ टक्क्यांवर गेली आणि रुंदी दीड मिलिमीटरनं वाढली. हिशेबही तेवढाच सांगत होता. अस्तर शाबूत राहिलं. खालच्या आडपट्टीचं एक टोक मात्र अडकलं होतं, कारण शेलॅक ओघळून खाचेत गेलं होतं. पट्टी काढून खाच साफ केली आणि साधी मेणबत्ती घासली. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या कडेला बुरशीचे ठिपके दिसले. कोणीतरी प्रेमानं अबोलीचा ओला हार फळीच्या मागं खोचला होता. ठिपके कोरड्या मऊ कुंचल्यानं झाडले, रंगाला इजा नव्हती. हारासाठी आता फुलांच्या फळीवर पितळी आकडा बसवला आहे, आणि जूनच्या पहिल्या रविवारी मीस (प्रार्थनाविधी) संपल्यावर फळीची पाठ टॉर्चनं पाहण्याचं काम कपेलाच्या मुकादमाकडे आहे.